मुदत चुकली म्हणून माणूस मरत नाही

“मरद माझा गेला बेटा, आन् सरकारदरबारी मेली मी!”

आमच्या मदत केंद्रात आलेल्या एका खालाचे हे वाक्य. केंद्र म्हणजे तरी काय, एका कार्यकर्त्याच्या दुकानामागची खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि रविवारची सकाळ. खाला आल्या तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचा एक पाय अधू आहे. संजय गांधी निराधार योजनेतून त्यांना दरमहा दीड हजार रुपये मिळत होते. आमच्याकडच्या बायका त्याला ‘अनुदान’ म्हणत नाहीत, ‘पगार’ म्हणतात. खालांचा पगार एप्रिलपासून बंद झाला होता आणि त्यांना ते जूनच्या शेवटी कळले होते.

झाले ते असे. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांचे शोहर अचानक वारले आणि खाला इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस. योजनेच्या लाभार्थ्यांना वर्षातून एकदा आपण हयात आहोत आणि आपले उत्पन्न वाढलेले नाही हे दाखवून द्यावे लागते. आमच्या तहसीलने त्यासाठी मार्चअखेरची मुदत ठेवली होती. दरवर्षी हे काम शोहर करायचे. उत्पन्नाचा दाखला काढणे, बायकोला रिक्षात बसवून तहसीलला नेणे, अंगठा देऊन आणणे, पोच पिशवीत घालून ठेवणे, सगळे तेच. तारीख त्यांच्या डोक्यात असायची. ते गेले आणि त्यांच्याबरोबर तारीखही गेली.

इद्दत संपल्यावर खाला बँकेत गेल्या, तर पासबुकात मार्चनंतर एक नोंद नाही. तहसीलला गेल्या तर कळले, ‘हयातीचा दाखला आला नाही, नाव कमी केले.’ त्यांना त्याआधी नोटीस आली नव्हती. नाव कमी केल्याचा आदेशही त्यांच्या हातात पडला नव्हता. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नवऱ्याच्या मृत्यूची नोंद झालेली होती. म्हणजे दिव्यांग म्हणून पात्र असलेली ही बाई आता विधवा म्हणूनही पात्र झाली होती. नेमक्या त्याच वेळी तिचे नाव यादीतून गेले.

हे एका तालुक्यातले एक प्रकरण आहे. अशा खाला, मावश्या आणि आज्या गावोगावी आहेत, म्हणून त्याबद्दल लिहिते आहे. आणि या प्रकरणात आम्ही कार्यकर्तेही एका प्रश्नावर अडखळलो होतो, म्हणूनही.

तहसीलमधला क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला दोन सल्ले दिले. पहिला, “जुन्याच्या मागे लागू नका, नवीन अर्ज करा.” दुसरा, “लिहायचंच असेल तर आजारी होत्या असं लिहा. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. इद्दत वगैरे साहेबांना कुठं समजावत बसता?”

दोन्ही सल्ले आपुलकीचे होते. दोन्ही आम्ही ऐकले नाहीत. का ऐकले नाहीत ते सांगते.

नवीन अर्ज सोपा वाटतो. पण नवीन अर्ज करणे म्हणजे जुना हक्क संपला हे आपल्याच सहीने मान्य करणे. मग मधल्या महिन्यांच्या पैशांचा प्रश्नच उरत नाही. पुन्हा सगळे दाखले, पुन्हा समितीची बैठक, पुन्हा मंजुरीची वाट. आणि ज्या कार्यालयाने न विचारता नाव कापले, त्याला ते का कापले हे कोणीही विचारत नाही. खालांची पात्रता एका दिवसासाठीही गेली नव्हती. त्या जिवंत होत्या, दिव्यांग होत्या, गरीब होत्या. त्यांचा चुकला होता तो एक कागद. तेव्हा दाद मागायची ती थांबवलेल्या पैशांसाठी, नव्याने मेहेरबानीसाठी नाही, असे आम्ही ठरवले.

दुसऱ्या सल्ल्यावर मात्र आमच्यातच वाद झाला. आमचे काही तरुण कार्यकर्ते म्हणाले, “इद्दत हे कारण लिहून आपण एका जुन्या प्रथेला सरकारी कागदावर मान्यता मागतोय. आपण तर सुधारणावादी. उद्या कोणी म्हणेल, बघा, मुसलमान बाई चार महिने घरात कोंडली गेली आणि मंडळ तिची वकिली करतंय.”

या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. इद्दतीचा चार महिने दहा दिवसांचा काळ कुराणात सांगितलेला आहे, पण ‘उंबरठा ओलांडायचाच नाही’ हा अर्थ आपल्या मोहल्ल्यांनी अधिक घट्ट केला आहे. हनफी मतानुसारही विधवेला गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडता येते. तहसीलला जाऊन आपल्या पोटापाण्याचा कागद देणे ही गरज नाही तर काय आहे? हे खालांना कोणी सांगितले नाही. जनाजाला आलेल्या शेकडो माणसांपैकी एकाही समजूतदार माणसाने घरी निरोप धाडला नाही की, भाभींना रिक्षाने नेऊन आणू, यात काही गुनाह नाही. आपल्या समाजाची ही चूक मी झाकणार नाही.

पण त्या तरुण मित्रांना मी एक गोष्ट म्हणाले, ती इथेही लिहिते. प्रथा बदलायची असेल तर आपण खालांशी बोलू, त्यांच्या जावांशी, नणंदांशी आणि मशिदीच्या मौलानांशी बोलू. प्रथेची शिक्षा म्हणून तिचे पैसे तोडणाऱ्याच्या बाजूला आपण उभे राहायचे नाही. बाईला सुधारण्यासाठी तिची चूल बंद ठेवायची, ही सुधारणा नव्हे.

आणि खोटे सर्टिफिकेट? खरे तर ते शंभर-दोनशे रुपयांत मिळाले असते आणि काम कदाचित लवकर झाले असते. पण जरा विचार करा. ‘घरात सुतक होते’ असे सांगितले, तर आपल्या कुठल्याही कार्यालयात त्याचा अर्थ समजावावा लागत नाही. समोरचा माणूस मान हलवतो आणि ‘बरं, नंतर या’ म्हणतो. ती माणुसकी आहे आणि ती असावीच. मग ‘इद्दत’ हा शब्द त्याच टेबलावर परका का वाटतो? आपण दर वेळी त्या जागी ‘ताप’ आणि ‘कंबरदुखी’ लिहीत राहिलो, तर तो कायमचा परकाच राहील. आमची खरी आयुष्ये सरकारी कागदावर कधी येणारच नाहीत.

धर्माच्या नावाने सवलत मागण्याचा हा मुद्दा नाही. मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात ती पाडव्याच्या आसपास परततात. मार्चअखेरची मुदत ठरवताना त्यांचा विचार कोणी केला? बाळंतपणाला माहेरी गेलेली, पुरात दप्तर वाहून गेलेली, मुलाजवळ मुंबईच्या इस्पितळात बसून राहिलेली, या सगळ्यांची कारणे खरीच असतात. त्यांतले कुठलेही कारण सांगायला अर्जावर जागा नसते. आमचे म्हणणे एवढेच, की उशीर का झाला हे आधी विचारा, ऐका, मग ठरवा.

कोणी म्हणेल, नियम म्हणजे नियम. मुदतीला काही अर्थ नको का? तर कायद्याचेच उदाहरण घेऊ. मुदत कायदा १९६३ चा. त्याच्या कलम ५ मध्ये पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. ते कलम न्यायालयांसाठी आहे, तहसीलच्या टेबलासाठी नाही, हे मान्य. पण उशिराकडे कसे बघावे याचा धडा त्यात आहेच. माहिती अधिकार कायद्यात पहिले अपील ३० दिवसांत करायचे असते, पण पुरेशा कारणाने उशीर झाल्यास अपील दाखल करून घेता येते. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातही पहिल्या अपिलाला ३० दिवस आहेत आणि योग्य कारण असेल तर ती मुदत ९० दिवसांपर्यंत जाते. कायदे लिहिणाऱ्यांना माहीत होते की माणसाला उशीर होतो.

उशीर माफ करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात जास्त दाखला दिला जाणारा निकाल १९८७ चा आहे. अनंतनागच्या भूसंपादन कलेक्टरांचे प्रकरण. त्या प्रकरणात उशीर कोणी केला होता? सरकारने. अपील चार दिवस उशिरा दाखल झाले होते आणि उच्च न्यायालयाने ते उशिराच्या कारणावरून नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने उशीर माफ केला. उशीर करून सहसा कोणाचा फायदा होत नसतो, प्रत्येक दिवसाचा हिशेब मागताना शब्दाचा कीस काढू नये, तांत्रिक अडचण आणि खरा न्याय समोरासमोर आले तर न्यायाची बाजू घ्यावी, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे २०१२ मध्ये टपाल खात्याच्या ४२७ दिवसांच्या उशिराला मात्र न्यायालयाने माफी दिली नाही. फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती, हे कारण आता चालणार नाही, मुदत सरकारलाही लागू आहे, असे बजावले. म्हणजे चार दिवसांसाठी सरकारला सहानुभूती मिळाली आणि ४२७ दिवसांसाठीसुद्धा आधी ऐकून घेऊन मगच नकार मिळाला. खालांना ऐकून घेण्यापुरताही वेळ मिळाला नाही.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याचे घ्या. त्यालाही दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याच्या सोयीसाठी केंद्र सरकारने २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू केली. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेतो, आता तर मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. ऐंशी वर्षांवरच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना एक महिना आधीपासून दाखला देता येतो. हे सगळे चांगलेच आहे. आणि तरीही दाखला चुकला तर काय होते? पेन्शन थांबते. दाखला दिला की सुरू होते, आणि मधली थकबाकीही मिळते. कोणी त्यांना ‘नवीन अर्ज करा’ म्हणत नाही.

खालांनाही नेमका हाच न्याय हवा. चुकला तो कागद दोघांचाही तोच. एकाची पेन्शन ‘थांबते’ आणि दुसरीचे नाव ‘कमी होते’. थांबणे आणि कमी होणे, या दोन शब्दांमध्ये गरिबाचा सगळा संसार येतो. हा फरक कशामुळे? कर्मचाऱ्याची पेन्शन हा हक्क आहे, असे आपण सगळे मानतो. निराधार बाईचा पगार मात्र आपल्याला अजून खैरात वाटतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे यासाठी राज्याने तजवीज करावी असे म्हटले आहे. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, आणि झोपडी हटवण्याआधीही माणसाला नोटीस देऊन ऐकून घ्यायला हवे हे तत्त्व मानले. झोपडी तोडण्याआधी नोटीस लागते, मग भाकरी तोडण्याआधी का लागू नये?

तपासणी नको असे मी म्हणत नाही. मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलले जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, आणि तो पैसाही शेवटी गरिबाच्याच ताटातला असतो. पण तपासणीचा हेतू माणूस जिवंत आहे की नाही हे शोधणे हा आहे ना? मग तलाठी किंवा कोतवालाने दारावर जाऊन एक हाक मारली असती, तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते. खाला घरातच होत्या. चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर गेल्याच नव्हत्या!

आता आम्ही काय केले ते सांगते, कारण अशी वेळ वाचकांपैकी कोणाच्या घरी, मोहल्ल्यात येऊ शकते.

पहिल्यांदा तहसीलदारांकडे लेखी अर्ज दिला. नाव कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, कोणाच्या आदेशाने कमी झाले, ते लेखी कळवा. आवक शिक्का मारलेली पोच घेतली. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचा कार्यालयात काही मागमूस राहत नाही, शिक्क्याचा राहतो. सोबत माहिती अधिकारात नोटिशीची आणि आदेशाची प्रत मागितली. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. प्रशासकीय निर्णयाची कारणे ज्याच्यावर परिणाम झाला त्याला द्यावीत, असे त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे, तेही अर्जात लिहिले. उत्तर आले त्यात यादीची प्रत होती. नोटिशीची प्रत नव्हती, कारण नोटीस काढलेलीच नव्हती. आमच्या अपिलाचा सगळ्यात भक्कम आधार तोच ठरला.

मग अपील केले. ते प्रांत कार्यालयात दिले. त्यात उशिराचे कारण तारीखवार लिहिले: शोहरचा मृत्यू कधी, इद्दत कधीपासून कधीपर्यंत, पासबुक कधी पाहिले, तहसीलला पहिल्यांदा कधी गेलो. इद्दत म्हणजे काय ते दोन ओळींत साध्या मराठीत सांगितले. मृत्यूचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आधीच्या वर्षांच्या पोचपावत्या आणि नवा हयातीचा दाखला जोडला. आधीच्या पोचा खालांच्या शोहरने पिशवीत नीट जपून ठेवल्या होत्या. दरवर्षी वेळेवर येणारी बाई एकाच वर्षी का आली नाही, याचे उत्तर त्या पिशवीनेच दिले. मागण्या दोन केल्या: लाभ पुन्हा सुरू करा, आणि तो एप्रिलपासून द्या.

सुनावणीला खाला स्वतः आल्या. साहेबांनी विचारले, “इतके दिवस का आला नाहीत?” खाला म्हणाल्या, “साहेब, मी सोग पाळत होते.” साहेबांनी पुढे काही विचारले नाही. डॉक्टरच्या सर्टिफिकेटाची गरज पडली नाही. खरे कारण सांगितले आणि ते समजले. आमचीच भीती मोठी होती.

नोव्हेंबरपासून पगार पुन्हा सुरू झाला. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांचे साडेदहा हजार मात्र अजून मिळालेले नाहीत. ‘तरतूद नाही’ असे तोंडी सांगितले जाते. लेखी द्या म्हटले की, विषय बदलतो. आम्ही पाठपुरावा सोडलेला नाही. साडेदहा हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांना मी सांगते, त्या सात महिन्यांत खालांनी वाण्याकडे उधारी केली आणि कानातले विकले. ज्यांना हा खटाटोप वाटतो त्यांनी तो हिशेब त्यांच्याकडून ऐकावा.

शासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. दाखला चुकला तर आधी लेखी नोटीस द्या आणि ती घरी पोचवा. नाव कमी करू नका, ठरावीक काळासाठी लाभ थांबवा, आणि दाखला आला की थकबाकीसह सुरू करा. ज्याला येता येत नाही त्याच्या दारी तलाठ्याने किंवा पोस्टमनने जावे. आणि नकाराच्या प्रत्येक कागदावर ‘याविरुद्ध दाद कोठे व किती दिवसांत मागता येईल’ हे मराठीत छापा. निवृत्त कर्मचाऱ्याला जे मिळते त्याहून अधिक यात काही नाही.

आणि आपल्याकडूनही काही हवे. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, चंद्रदर्शनाची तारीख असते, जनाजाची खबर असते. तिथेच हयातीच्या दाखल्याची मुदतही लिहा. मोहल्ल्यात मयत झाली की तीजेला बिर्याणीचा अंदाज घेणारे पुष्कळ असतात. एखाद्याने घरातल्या बाईच्या कागदांची पिशवीही उघडून बघावी: पेन्शन कोणाच्या नावावर, दाखला कधी द्यायचा, रेशनकार्डावर काय लिहिलेय. आमच्या केंद्राने आता तसे एक रजिस्टर ठेवले आहे. त्यात नाव, योजना आणि तारीख, एवढेच तीन रकाने आहेत. दोन कार्यकर्त्या फेब्रुवारीत घरोघर जातात. इद्दतीत बसलेली बाई असेल तर ‘चला, रिक्षा आणलीय, तासाभरात परत येऊ’ म्हणतात. यंदा दोघीजणी तशा आल्या. एकीला सासूने आधी अडवले. मग सासूच सोबत आली.

खालांनी यंदा मार्चची वाट पाहिली नाही. जानेवारीतच येऊन दाखला दिला, पोच घेतली, पिशवीत घातली. जाताना म्हणाल्या, “तारीख आता माझ्या डोक्यात ठेवली गं. त्यांच्या भरवशावर किती दिवस राहायचं?”